उफुने बेटाची बारा चित्रे

"कुराता इओरी यांनी तरुण संशोधकांच्या सत्रात बारा चित्रांतून दाखवलेला विधी उफुने बेटावर होत नाही. चित्रे कल्पित आहेत. सबब त्यांची नेमणूक मार्चअखेर रद्द करावी."

चौकशी समितीचा निष्कर्ष एवढाच होता, आणि त्यात व्याकरणाखेरीज काहीही बरोबर नाही, असे प्राध्यापिका तोदोरोकी यांचे मत झाले. त्या तीस वर्षे मानववंशशास्त्र शिकवत होत्या. इओरी त्यांची शेवटची विद्यार्थिनी.

समितीचा पुरावा म्हणजे बेटाच्या गावप्रमुखाला केलेला साडेसात मिनिटांचा एक फोन. समितीतल्या पाच विद्वानांपैकी एकानेही बेटावर पाऊल ठेवले नव्हते. इओरी तिथे चार वर्षे राहिली होती. तिने ऊस तोडला होता, ती तीन अंत्ययात्रांत चालली होती.

सत्राचा नियम असा होता: आठ मिनिटे, निबंधवाचन नाही, चित्रांतून काय ते सांगा. इतरांनी पडद्यावर फोटो सरकवले. इओरीने जुन्या काळच्या गल्लीतल्या गोष्टीवाल्यांसारखी कामिशिबाईची लाकडी चौकट मांडली आणि हाताने रंगवलेले एकेक चित्र त्यातून ओढून काढत गोष्ट सांगितली. भर दुपारी किनाऱ्यावर, पेंढ्याचे मुखवटे घालून, समुद्राकडे पाठ करून नाचणारी माणसे. तिला पहिले बक्षीस मिळाले. आठवडाभरात तक्रार आली.

"मी बेटावर जाऊन येते," तोदोरोकी म्हणाल्या.

इओरीने मान वर केली नाही. "नका जाऊ, बाई. लागू दे काय निकाल लागायचा तो."

"आणि मग? वडिलांच्या दुकानात टोफू विकणार?"

"टोफूला तरी कोणी पुरावा मागत नाही."

"तुझ्यासारखी माणसं गप्प बसतात, म्हणूनच हिराइवासारखी माणसं चौकशी समितीचे अध्यक्ष होतात."

इओरी चित्रे एकावर एक रचून चौकटीत ठेवू लागली.

गावप्रमुख तोकेशी ऐंशीचे होते. त्यांनी बाईंना ओसरीवर बसवले, चहाबरोबर काळ्या साखरेचा खडा पुढे केला आणि चित्रांच्या प्रती एकेक करून, डोळ्यांजवळ धरून पाहिल्या.

"आजोबा, हे तुमच्याकडेच होतं ना?"

"असलं काही इथे होत नाही."

"कधीच नाही?"

"अहो, पेंढा कुठून आणणार? इथे भात पिकतो का?" म्हातारा हसला. "चारची बोट गाठा. चुकलात तर हिच्या हातची कारल्याची भाजी खावी लागेल. मला ती पन्नास वर्षांत रुचलेली नाही."

"न रुचताच सकाळी दोन वाडगे संपवले!" आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

बाई उठल्या तेव्हा म्हातारा हळूच म्हणाला, "पोरगी वेळेवर जेवते ना?"

खोटारड्या माणसाच्या जेवणाची अशी चौकशी कोणी करत नाही. तोदोरोकींनी घड्याळ पाहिले. बोटीला दोन तास होते. त्या धक्क्याकडे न जाता गावामागच्या टेकडीकडे वळल्या.

झाडी सुरू होत होती तिथे वाटेवर, बाहेरच्यांना मनाई म्हणून, आडवा दोर बांधला होता. क्षणभर त्या थांबल्या. दडवलेल्या गोष्टी उजेडात आणणे हाच आपला धर्म, हे त्या तीस वर्षे शिकवत आल्या होत्या. त्या दोराखालून वाकून पलीकडे गेल्या.

आत वाट झाडून लख्ख ठेवलेली होती. सावलीत वेलींच्या मोळ्या सुकत होत्या. दगडी ओट्यावर, पांढऱ्या कापडाखाली, सात लाकडी मुखवटे होते, शिंपल्यांच्या डोळ्यांचे. त्यांनी कापड उचलले आणि बारा फोटो काढले. चित्रे बारा, म्हणून फोटोही बारा.

समितीची बैठक सकाळी दहाला भरली. संस्थेच्या वाहिनीवरून ती थेट दाखवली जात होती. अशी उघड सुनावणी तोदोरोकींनीच भांडून मिळवली होती. त्यांनी एकेक फोटो अर्धा मिनिट पडद्यावर ठेवला.

"चित्रात किनारा आहे, इथे रान आहे," अध्यक्ष हिराइवा म्हणाले. "चित्रात पेंढा, इथे वेली."

"चित्रकार वेश पालटतो, हिराइवा. वेश वेगळा म्हणून आत माणूसच नाही, असं तुम्ही ठरवलंत. तुमचं वाक्य होतं, विधी होत नाही. हे मुखवटे मग कशासाठी? पावसाळ्यात शेवाळ धरू नये म्हणून ही वाट कोण झाडतं? साडेसात मिनिटांत एवढं विचारायचं राहून गेलं असेल."

कोणीतरी हसले. हिराइवांनी दोन्ही बाजूंच्या सदस्यांकडे पाहिले आणि घसा साफ केला.

"समिती निष्कर्ष मागे घेत आहे. कुराता यांची नेमणूक कायम राहील. फोटो संस्थेच्या प्रदर्शनात लावले जातील. पर्यटन विभागाने ही वाट नेमकी कुठे आहे, अशी आत्ताच विचारणा केली आहे."

टाळ्या पडल्या. तोदोरोकींनी विजयाने इओरीकडे पाहिले. इओरी पडद्यावरच्या लाकडी चेहऱ्यांकडे पाहत होती.

"कुराता, तुम्हाला काही नोंदवायचं आहे?"

"हो," ती उभी राहिली. पुढचे लेखनिकाने शब्दशः उतरवून घेतले:

"आरोप खरा आहे. बाराही चित्रं खोटी आहेत. ती मी आणि तोकेशी आजोबांनी त्यांच्या ओसरीवर बसून रचली, कारण खरा विधी बाहेरच्या कुणाच्याही नजरेस पडू देणार नाही, असं मी गावाला वचन दिलं होतं, आणि आज सकाळपर्यंत मी ते पाळलं होतं."