जवळ्याविना किमची

स्मरणाच्या खेळात पडद्यावरची यादी पुसली गेली आणि सुल्येआजींचं बोट टपाटप चालू लागलं. कोबी, मुळा, लसूण, आलं, लाल तिखट, कांद्याची पात. सहाच्या सहा वस्तू टोपलीत पडल्या. मग त्यांनी खारवलेल्या जवळ्याची बरणीही उचलली.

यंत्र कुरकुरलं. लाल अक्षरं आली : वस्तू चुकली.

"आजी, यादीत जवळा नव्हता," स्मृतिकेंद्रातल्या शिक्षिका बे बाई समजुतीने म्हणाल्या.

"नव्हताच! चांगलं आठवतंय मला. किमचीचा बाजार आणि जवळा नाही? यादी करणाऱ्याच्या आईने त्याला काय खाऊ घातलं होतं कोण जाणे!"

शेजारच्या यंत्रापुढे बसलेल्या पिल्नामआजी फिदीफिदी हसल्या. "अगं, यंत्राला कुठं जेवायचंय? ते म्हणेल तेवढं उचल आणि शंभर गुण घेऊन घरी जा."

शंभर गुण हवेच होते. गेल्या हिवाळ्यात वर्षभराची किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं लोणचं, घालताना आजींनी कोबीला दोनदा मीठ लावलं आणि अख्खं घर वर्षभर पाणी पीत बसलं. डॉक्टर म्हणाले, थोडा विसर पडतोय, मेंदूला सराव द्या. यंदा सूनबाई मिग्यंगने अटच घातली : आज शंभर पडले तर किमची आईंच्या हातची, नाहीतर दुकानातली पाकिटं. पाकिटातली किमची!

"आता शेवटची संधी हं," बे बाई म्हणाल्या. मिग्यंग खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

सहा वस्तू पडल्या. आजींचं बोट बरणीवर घुटमळलं. त्यांनी डोळे गच्च मिटले, बोट मागे घेतलं. आता फक्त 'झालं' म्हणून बटण दाबायचं होतं.

तेवढ्यात मागून सुनेचा हात आला आणि त्याने जवळ्याची बरणी दाबली. यंत्र कुरकुरलं.

"अगं बये! शंभर पडत होते की मला!"

"पडत होते. पण बिनजवळ्याची किमची खाणार कोण?" मिग्यंगने फोन काढला. "कोबीवाल्याला किती गड्डे सांगू, आई?"

पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकत होती : स्मरणशक्ती कमी. पुन्हा प्रयत्न करा.

"ऐंशी," आजी ताडकन म्हणाल्या. "आणि आतून पिवळे हवेत म्हणावं. गेल्या खेपेला मेल्याने खालच्या थरात सात पांढरे घातले होते."