घाटी एकच

"सासूला घाटी बांध, पोरी," शेजारच्या शकुबाईनं सांगितलं होतं. "कळपातल्या चुकार मेंढीच्या गळ्यात बांधायचो, तशी. म्हातारीचं गुडघं वाजत हुतं तवर ठीक हुतं. आता ती कुठं हाय, कुठं न्हाय, तुला कळायचं कसं?"

सुकन्या हसली होती. बारामतीच्या कॉलेजात बी.ए. झालेल्या सुनेनं सासूच्या गळ्यात मेंढरांची घंटा बांधायची, आणि सगळ्या लासुर्णे गावानं ती बघायची!

पण सासूचे गुडघे वाजायचे हे खरं. भागूबाई न्हाणीत आहेत, चुलीशी आहेत की लहानग्या मल्हारपाशी, हे घरात कुणाला विचारावं लागत नसे. करकर, कट्. करकर, कट्. मग पुण्याला नेऊन दोन्ही गुडघे बदलून आणले. घोट्यांना वाळूच्या पिशव्या बांधून व्यायाम झाले. दिवाळीपर्यंत म्हातारी चालायला लागली. ताठ, आणि अजिबात आवाज न करता. कळा गेल्या, रात्रीचं कण्हणं गेलं. "आई माझी नव्यानं जन्मली," असं सिद्धू कारखान्यात भेटेल त्याला सांगायचा.

सुकन्या भाकरी थापता थापता वळायची, तर सासू पाठीशी उभी. केव्हापासून, देव जाणे.

"काय पाहिजे, आत्या?"

"काय न्हाय. ह्यांनी आणलं हितं." आणि भागूबाई लुगड्यावरून गुडघ्यांकडे बोट दाखवायच्या.

शेवटी सुकन्यानं माळ्यावरच्या घोंगडीत गुंडाळलेली पितळी घाटी काढली. मेंढरं विकली तेव्हा तेवढी एक मागं राहिलेली. ती तिनं डॉक्टरांनी आधाराला दिलेल्या वॉकरला बांधली. सासूचा मान राहिला, आपला घोर मिटला. भागूबाईंनी ती बोटानं हलवून पाहिली. "चुकाराला बांधत्यात ही," एवढंच म्हणाल्या.

त्या दुपारी लाइट गेली आणि टीव्हीवरची मालिका मध्येच विझली. सिद्धू पाळीला गेलेला. मल्हार ओसरीवर गोधडीत झोपलेला. सुकन्या आत कपड्यांच्या घड्या घालत होती आणि घाटी वाजत होती. ओसरीवर. मग अंगणात. मग हापशाकडं. चालू देत, डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय. तिनं सिद्धूचा सदरा झटकला. घाटी आता उसाच्या बांधावर होती.

मधल्या वावराची तर नुकती नांगरट झालेली. ढेकळांतून वॉकर जाईल कसा?

ती बाहेर आली. वॉकर ओसरीवरच उभा होता. घाटीची गाठ कुणीतरी सावकाश सोडून दोरी काढून नेली होती. आणि गोधडी रिकामी होती.

ऊस डोक्याच्या वर गेलेला. आतून घाटीचा आवाज येत होता, आणि त्याच्यापुढं जिभेची टकटक. मेंढरं मागोमाग नेताना काढतात तशी. सुकन्या पात्यांनी तोंड-हात ओरबाडून घेत धावली. ती धावली की घाटी पुढं सरके, थांबली की थांबे. मग एकाएकी ऊस संपला.

समोर कालवा. पाणी सोडलेलं, काठाला टेकलेलं. काठावर मल्हार पाण्याकडं पाय सोडून बसला होता, आणि गळ्यातली घाटी दोन्ही हातांनी वाजवत होता.

हाक मारली तर दचकेल. वळेल. सुकन्यानं चपला काढल्या आणि श्वाससुद्धा न वाजवता ती चालत गेली, अगदी सासूसारखी. मग झडप घालून तिनं त्याला मागं ओढला.

"आजी कुठंय?"

"पुढं गेली. मला म्हणाली, वाजवत बस. मी मेंढरं बघून येते."

पुढं नुसतं पाणी होतं. पूल नाही, साकव नाही. पलीकडं वाळल्या गवताचा माळ.

"एवढी का गं धापा टाकतीस?"

आवाज कानाशीच आला. भागूबाई मागं उभ्या होत्या. लुगडं खडखडीत कोरडं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत माळावरची कुसळं रुतलेली.

"आत्या, पोर पाण्यात गेलं असतं!"

"म्हणून तर त्याला बांधली. वाजतंय तवर हाय." मग त्या वाकल्या आणि स्वतःच्या गुडघ्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाल्या, "मी थांब म्हणते गं. पर हे ऐकत न्हाईत. ज्याचं असतील त्याला लई लांब जायाचं हाय."

दिवस कलला. लाइट अजून आली नाही. सुकन्या उंबऱ्यावर आत तोंड करून बसली आहे. मांडीवर मल्हार झोपलाय, मुठीत घाटी. सासूबाईंना तिनं मागं ओसरीवर खुर्चीत बसवलंय आणि गुडघ्यांवर घोंगडी टाकलीय. सिद्धूला यायला अजून वेळ आहे.

मघापासून ती मुठीतल्या दोरीकडं बघते आहे. ही पोराची सोडून आत्यांना बांधावी, तर पोर. पोरालाच राहू द्यावी, तर आत्या. मागं वळून पाहायला हवं, हे तिला कळतंय. पण खुर्ची रिकामी दिसली, तर मांडीवरचं पोर इथं ठेवून उठावं लागेल.

मागं कसलाच आवाज नाही.

तुम्ही ओसरीच्या बाजूला आहात. तिच्यासाठी जरा बघता का, खुर्चीत कुणी आहे?