सतराशे मैल, चार तास

सिराजुद्दीनने विमानाची दोन तिकिटं चटईवर टाकली आणि बायकोकडे न बघताच म्हणाला, "हुस्नबानूचं सामान बांध. परवा निघायचंय."

तैयबा विळीवर नारळ खवत होती. तिचा हात थांबला. नवरा तीन वर्षांनी कुवेतहून मुरुडला आला होता, त्याला अजून दोन दिवसही झाले नव्हते. चौदा वर्षांची मुलगी मधल्या दारात उभी राहून ऐकत होती.

"कशाला?"

"माझ्या मुकादमाशी निकाह ठरवलाय. बायको वारली त्याची. नमाजी माणूस आहे, स्वतःचं घर आहे."

"वय काय त्यांचं?"

"पुरुषाचं वय विचारतात होय?" तो हसला. "अगं, घाबरतेस कशाला? मुंबई ते कुवेत सतराशे मैल, पण विमानाला चार तास! बोटीनं आठ-आठ दिवस उलट्या करत जायचो आम्ही. इथून मुंबई गाठायलाच आता जास्त वेळ लागतो. पोरगी शेजारच्या मोहल्ल्यात दिली समज."

"जायला चार तास," तैयबा म्हणाली. "आणि तिला परत यावंसं वाटलं तर? तेव्हा किती?"

उत्तर म्हणून लाथ आली. तैयबा विळीवर कोलमडली. पातं दंड चिरत गेलं.

सिराजुद्दीन मुलीकडे वळला. हुस्नबानूने दाराची चौकट धरली. तो तिची बोटं एकेक करून सोडवू लागला. सुटेनात, तेव्हा त्याने केसांना धरून तिचं डोकं चौकटीवर आपटलं. "रड! हवं तेवढं रड! तिथनं तुझा आवाज आईला ऐकू नाही यायचा."

तैयबा उठली. पाट्यावरचा वरवंटा तिने दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या मनगटावर हाणला. तरी त्याने केस सोडले नाहीत. दुसरा घाव कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. तो बोंबलत खाली बसला. तिसऱ्या घावाची गरज नव्हती. तोही तिने घातला, गुडघ्यावर.

आरडाओरडा ऐकून शेजारची केसर कोळीण मासळीची पाटी टाकून धावत आली आणि उंबऱ्यातच थबकली. "अगो बाय! मेला का काय?"

"न्हाय. हात मोडलाय. गुडघापण. डॉक्टरांना बोलव, केसर."

"फौजदाराला बोलव!" सिराजुद्दीन जमिनीवरून ओरडला. "हिला खडी फोडायला लावतो!"

केसर कुणासाठी धावली ते कळलं नाही, पण धावली.

हुस्नबानूच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. तिने आपली ओढणी फाडली आणि आईच्या दंडाला बांधू लागली.

"अम्मी, खरंच नेतील तुला?"

"नेतील."

"कुठं?"

"अलिबागच्या तुरुंगात नेतात. लांब आहे, बेटा. मधे रेवदंड्याची खाडी लागते."

हुस्नबानूने दातांनी गाठ आवळली.

"खाडी होडीनं ओलांडीन," ती म्हणाली. "बाकीचं चालत येईन."