बुचाच्या झाडांखाली

"मुख्य इमारत कुठंय हो, सर?" फाटकातून आत आलेल्या रोशनी मडावीनं विचारलं आणि कुलसचिव देवधरांना हसू आवरेना. याच मुलीनं विद्यापीठाची इतकी देखणी फिल्म काढली होती! इतर सगळ्या मुलांसारखीच आपल्या घरी, दूर भामरागडला बसून, ती तीन वर्षं कॅमेऱ्याचा ड्रोन उडवत वर्गात यायची. कुठल्या घुमटावर कधी ऊन उतरतं, हे तिला पाठ होतं. आज बक्षीस घ्यायला ती पहिल्यांदाच स्वतः आली होती, आणि जमिनीवरून तिला एकही वाट ओळखू येईना.

वर्गातल्या मुलांचे ड्रोन डोक्यावरून वाट दाखवत निघाले. बुचाच्या झाडांखाली ती थांबली. फिल्ममधला पांढराशुभ्र रस्ता तो हाच. तिनं ओंजळभर फुलं उचलून नाकाशी धरली.

"काय झालं गं?" एका ड्रोनमधून पुष्करनं विचारलं.

"वास येतोय रे. केवढा!"

"कसा आहे?"

ती सांगू लागली, अडखळली, शेवटी तिनं नुसतीच ओंजळ वर धरली. एकेक ड्रोन खाली उतरून फुलांपाशी घुटमळू लागला.

मग पुष्कर हळूच म्हणाला, "तिकडं यायला एसटी कुठली गं?"