शेंड्याची गाठ

"ओता की अजून, दाजी! चूळ भरायला आणलंय का पाणी?" तेओफिलो ओरडला आणि अंगणात हशा पिकला.

फोर्तुनातो हसला नाही. मेव्हण्याच्या थट्टेला तो एरवी सव्वाशेर उत्तर द्यायचा, आज त्याचं सगळं लक्ष हातातल्या टोपीत होतं. टोपीचा शेंडा खाली करून त्यानं ती कोरड्या दगडावर धरली आणि तांब्या रिकामा होईपर्यंत पाणी ओतलं. इतर बाप घोटभर पाणी ओततात, बघितल्यासारखं करतात आणि जावयाला मिठी मारतात. या बेटावर मुलगी मागायला येणाऱ्या पोरानं स्वतः विणलेली टोपी आणायची, मुलीच्या बापानं तिच्यात पाणी ओतायचं. थेंब गळला तर पोरानं आल्या पावली परत जायचं आणि पुढच्या वर्षी नवी टोपी विणून आणायची.

फोर्तुनातोला टोपी गळायला हवी होती. समोर मांडी घालून बसलेल्या सेल्सोला दूर लिमा शहरात काम मिळालं होतं. आज होकार मिळाला की लग्न उरकून तो फोर्तुनातोच्या लेकीला, सातुकाला, घेऊन जाणार होता. आधी बोटीनं सरोवर ओलांडायचं, मग डोंगर उतरत नेणारी बस, मग लिमा. तिकडे गेलेली माणसं सणाला येतो म्हणतात आणि येत नाहीत. लग्न वर्षभर लांबलं तर ते काम दुसऱ्या कुणाला जाईल. मग पोरगी इथंच पलीकडच्या बांधावर नांदेल, हाक मारली की ओ देईल. सरळ नाही म्हणावं तर पोरात काडीची खोट नव्हती. या टोपीवाचून बापाच्या हातात काही उरलं नव्हतं.

आणि टोपी गळणार याची त्याला खात्री होती. सेल्सोला विणायला त्यानंच तर शिकवलं होतं. इथं सुया चालवायच्या त्या बाप्यांनी, बायकांनी सूत कातायचं. निम्म्या गावची पोरं फोर्तुनातोच्या पायाशी बसून टाके घालायला शिकली. पण शेंड्याला आलं की शेवटचे टाके आवळून जी गाठ मारायची, ती त्यानं कुणाला दाखवली नाही. तेवढ्यापुरता हा पठ्ठ्या पाठ फिरवून बसायचा. म्हणून तर काठोकाठ भरल्यावर न गळणारी टोपी बेटावर एकट्या फोर्तुनातोची.

सातुकापासून मात्र त्यानं कधी काही लपवलं नाही. पोरीच्या जातीला कुठं विणायचंय! ती एवढीशी होती तेव्हा टोपी शेंड्याला आली रे आली की धावत यायची आणि उरलेल्या भोकात बोट घालायची. "मासा आला, मासा!" म्हणत तो धागा आवळायचा. बोट अडकलं तर त्याच्या बायकोनं, आग्रिपिनानं, उकडलेला बटाटा देऊन लेकीला सोडवून न्यायचं. बोट निसटलं तर हा कपाळावर हात मारून गळा काढायचा, "सुटला गं बाई, मासा सुटला! आता मी जेवू काय?" पोर हसून हसून अंगणात लोळायची, उठून पुन्हा बोट घालायची. एकेका शेंड्याला अख्खी संध्याकाळ जायची.

"टोपी विणताय की पोरीला लाडावून ठेवताय?" आग्रिपिना करवादायची.

तीच सातुका आज आईशेजारी चाती फिरवत बसली होती. टोपीचा निकाल लागेपर्यंत मुलीनं बोलायचं नसतं. बापाकडे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं, पण तिचं सूत सारखं तुटत होतं.

फोर्तुनातोची नजर शेंड्यावर खिळली होती. पांढरी लोकर भिजून फुगली. टोकाशी ओल जमली, थेंबाएवढी झाली. आता पडेल, आता पडेल. ती तिथंच राहिली. खालचा दगड कोरडाच होता.

"दाजी, सरोवर आटलं तरी तुमचं बघून होईना," तेओफिलो म्हणाला. "हो म्हणून टाका. सूप गार होतंय."

"गप बस म्हटलं ना!"

आवाज इतका चढला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. फोर्तुनातोला स्वतःचीच लाज वाटली. हात भरून आले होते. अंगठ्यानं शेंडा जरासा दाबला, एक टाका सरकवला, तर कुणाला कळणार आहे? त्यानं अंगठा हळूच खाली नेला. टोकाशी तो थबकला. अंगठ्याखाली गाठ लागली होती. डावीकडे वळवलेली, आवळून आत घेतलेली. ही गाठ त्यानं झोपेतही ओळखली असती.

त्यानं टोपी उलटी केली. पाणी दगडावरून वाहून गेलं.

"सेल्सो, ही गाठ कुणी शिकवली तुला?"

"काका..." सेल्सोनं मान खाली घातली.

सातुकानं चाती मांडीवर ठेवली. आता तिनं बापाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून वाहत होते. तिनं उजव्या हाताचं बोट वर केलं, लहानपणी टोपीच्या भोकात घालायची तेच.

फोर्तुनातो त्या बोटाकडे बघत राहिला. मग त्यानं ओला हात कपाळावर मारून घेतला.

"सुटला गं बाई," तो म्हणाला, "मासा सुटला."