रेडिएटरचं पाणी

कसबा बावड्यातल्या घरापुढं पारसची गाडी चार दिवस जागची हलली नव्हती, तरी तिचा रेडिएटर रोज रिकामा होत होता. त्यानं पाईप बदलले, हीटरची नळी आवळली, खाली पुठ्ठे अंथरले. पुठ्ठे कोरडे ठणठणीत.

रविवारी सकाळी त्यानं रेडिएटर काठोकाठ भरला आणि झाकण उघडं ठेवून हट्टानं समोरच बसला. मधूनच आतून घुटका घेतल्यासारखा आवाज यायचा आणि पाणी जरासं खाली जायचं.

दिवस मावळला, तसा आवाज थांबला. रेडिएटर अर्धा रिकामा झाला होता.

"आता का थांबलीस? पी की!" पारस गाडीवर खेकसला. "आई, तांब्याभर पाणी आण!"

रत्नाबाई तांब्या घेऊन दारात आल्या, पण देईनात. "दिवस मावळल्यावर आपल्या जैनांत कुणी पाणी पितंय व्हय?"

"मला न्हाय, गाडीला!"

तांब्या हिसकावून त्यानं ओतला. एक थेंब आत जाईना. सगळं पाणी तोंडावरूनच ओघळलं. काय अडकलंय बघायला त्यानं आत बोट घातलं.

गार पडलेल्या रेडिएटरमध्ये बोटाला उबदार ओठ लागले. घट्ट मिटलेले.