तीनशे बारा

"कोणी ऐकतंय का? कोणीही?"

हेडफोनमधल्या खरखरीतून आवाज आला तशी ताई खुर्चीत सावरून बसली. विमानांशी शॉर्टवेव्हवर बोलायचं हे टेबल हल्ली दिवसचे दिवस मुकं असायचं. सगळा कारभार उपग्रहांकडे गेलेला. शेजारच्या टेबलावरचे काका तर या खोलीला वृद्धाश्रमच म्हणायचे.

"ऐकतेय. बोला, कुठे आहात?"

"तेच तर कळत नाहीये, मॅडम."

आवाज तरुण होता, ओढूनताणून शांत ठेवलेला. छोटं विमान घेऊन तो एकटाच निघाला होता. विजेचा काहीतरी घोळ झाला, नकाशाचा पडदा काळा पडला, वाऱ्याने वाटेवरून ढकललं. खाली नुसतं पाणी. इंधन तासाभराचं. जवळपास एक बेट असायला हवं, पण कितीही हाका मारल्या तरी तिथून हूं की चूं नाही.

त्याने नाव सांगितलेलं ते बेट ताईने नकाशावर शोधलं. अर्धा महासागर मध्ये होता.

काकांनी बेटावरच्या विमानतळाला फोन लावला. "आम्हाला काहीच ऐकू येत नाहीये," तिथला अधिकारी म्हणाला. "आणि तुम्हाला येतंय? तिथे?"

येत होतं. विमानतळाचा रोजचा व्हीएचएफ रेडिओ क्षितिजापलीकडे जात नाही. शॉर्टवेव्हवरचा आवाज मात्र वर जाऊन आभाळातल्या कुठल्याशा थरावर आपटतो आणि लांब कुठेतरी उतरतो. जवळचं बेट त्या उडीखाली कोरडंच राहतं. ताईने हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आज पहिल्यांदा त्याला श्वास होता, आणि तो श्वास तिला कानात ऐकू येत होता.

"दिशा दाखवणारं काही चालू आहे का?" तिने विचारलं.

"एक जुनी सुई आहे, जमिनीवरच्या बीकनच्या रेडिओलहरींकडे वळणारी. पण बेटाचा बीकनही गप्प आहे."

ताईने काकांच्या हातून फोन ओढून घेतला. "अहो, तुमचा बीकन?"

"बंद असतो. वापरतंय कोण आता?" मग तो अधिकारी एकदम म्हणाला, "थांबा, थांबा. लावतो. तीनशे बारा किलोहर्ट्झवर."

फोन काकांकडे देऊन ती परत माइककडे वळली. "ऐका. सुई तीनशे बारावर लावा. तीन, एक, दोन."

पलीकडून, "मॅडम, तुमच्याकडे अजून ऊन आहे?"

"आहे. टेबलावर आहे."

"इथे सूर्य बुडतोय." आवाज बारीक व्हायला लागला. संध्याकाळी वरचे थर बदलतात. तेही पुस्तकात होतं. "तीन... एक..."

आणि नुसती खरखर.

"दोन," ताई म्हणाली. "दोन. ऐकू येतंय का? दोन, दादा, दोन."

ती म्हणतच राहिली. काका फोन कानाला लावून उभेच्या उभे. टेबलावरचं ऊन सरकत काठावर आलं.

अचानक फोनमधून आरडाओरडा ऐकू आला. काकांनी घाईघाईने तो ताईच्या हातात दिला.

"आमच्या व्हीएचएफवर आला!" अधिकारी ओरडत होता. "सुई गर्रकन फिरली म्हणतोय! दिवे दिसले त्याला! ठेवू नका, फोन ठेवू नका!"

खिडकी उघडल्याचा आवाज झाला. मग वारा. मग समुद्र, तिने कधी न पाहिलेला. आणि त्या वाऱ्यातून एक बारीक घरघर, हळूहळू मोठी होत जाणारी.

"काय म्हणतायत?" काकांनी विचारलं.

ताईने फोन त्यांच्या कानाला लावला.